उष्टं बी

१२ नोव्हेंबर

अखेर आले! टेम्पोवाल्याने मला दोनदा भलत्याच गोदामाशी नेऊन उभं केलं. भिवंडीजवळच्या या राहनाळ गावात सगळ्या वाटा गोदामांनाच जातात आणि शेत शोधणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी. "मॅडम, इधर खेती कहाँ, इधर तो सिर्फ माल है," असं तो सारखं म्हणत होता. मग दोन उंच पत्र्याच्या भिंतींमधून टेम्पो आत शिरला आणि समोर एकदम कापलेल्या भाताची खुंटं, काळी ओलसर जमीन, बांधावर एक भोकराचं झाड आणि शेताला टेकून बसल्यासारखं दोन खोल्यांचं घर. मला हसूच आलं. या वयात मला शेत मिळालं.

उभा जन्म बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत गेला. निवृत्त झाल्यावर एका कडधान्य संशोधन संस्थेने विचारलं, की ठाणे जिल्ह्यातले जुने कडवे वाल गोळा करून, एकाच जमिनीत शेजारी शेजारी लावून, त्यातला सर्वांत चिवट निवडून द्याल का. मी लगेच हो म्हटलं. आई गेल्यापासून ठाण्याच्या घरात भिंतींशी बोलायची वेळ आली होती. लग्न केलं नाही, भावंडं नाहीत. वाल तरी सोबतीला असतील.

आणि वालाचं मला अगत्य आहेच. आम्हा कायस्थांच्या घरी बिरड्याशिवाय सण झाला नाही. आई मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायची आणि आम्ही दोघी परातीभोवती बसून सालं काढायचो. एक डाळिंबी परातीत, एक माझ्या तोंडात. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टाने टीपकागदावर पहिला रुजवून दाखवला तो दाणाही वालाचाच होता. काचेच्या बरणीत तो कोंब वाकडा होऊन वर आला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि सिस्टरने शिक्षा म्हणून मला त्याला रोज गुड मॉर्निंग म्हणायला लावलं होतं.

शेताचे मालक केसरीनाथ पन्नाशीतले आहेत, गळ्यात जाड साखळी, समोरच नवी चार मजली इमारत. फार गोड बोलले नाहीत. मार्चपर्यंत शेत तुमचं, म्हणाले, पुढे आई हो म्हणाली की इथेही गोदाम उभं राहणार. त्यांची आई धोंडूबाई मात्र मला बघायला मुद्दाम बांधावर आली. वाळलेल्या शेंगेसारखी बाई. हातात तांब्या, दर दोन शब्दांमागे एक घोट. हसली तर ओठ चिरले, पण रक्त काही दिसलं नाही. केसरीनाथ म्हणाले, आमची आई कधी रडत नाय, बाबा गेले तेव्हापण नाय, आणि गाव सोडून कुठं जात पण नाय. मला कौतुक वाटलं. अशी खंबीर बायकांची पिढी आता राहिली नाही.

१६ नोव्हेंबर

आज पेरणी. भात कापल्यावर जमिनीत जो ओलावा उरतो, त्यावर आणि थंडीतल्या दवावर वाल येतो. वरून पाणी द्यायचं नसतं. इतकं मानी पीक दुसरं नाही.

मदतीला कौसर आहे. भिवंडी शहरातली, वनस्पतिशास्त्राची पदवीधर. लग्नानंतर बरीच वर्षं घरात होती, हे तिचं पहिलं काम. लूमच्या खडखडाटाशेजारी वाढल्यामुळे ती साधं बोलते तेही ओरडून. सकाळी शेतात शिरतानाच ओरडली, "मॅडम, तौहीदला सांगितलं, आता माझी पण ड्युटी आहे, दुपारची भाकर तू कर!" नवऱ्याने काय उत्तर दिलं ते विचारलं तर म्हणाली, "जळवली."

तिला मी आमच्या धंद्यातली जुनी सवय शिकवली. यंत्र असो वा नसो, प्रत्येक वाणातला एक दाणा दाढेखाली धरून बघायचा. कट् वाजून फुटला तर कोरडा, चेपला तर ओला. कौसर हसत सुटली. तिची नानी असती तर खायच्या वस्तूला दात लावून परत ठेवते म्हणून झाडूने बदडलं असतं, म्हणे. पण शिकली पटकन. दोन-चार वाणांनंतर माझ्यापेक्षा जोरात कट् वाजवू लागली.

धोंडूबाई बांधावर उकिडवी बसून बघत होती. तिचा वाल मी शेवटी ठेवला होता. तिने तो राखेत घालून मडक्यात जपलेला, बारीक, तांबूस, देखणा. मी तो न चावताच ओळीत घेणार होते, तर ती म्हणाली, "माजा पण चाव ना गो बाय. माजाच कनाला न चावता ठेवला?" बिचारीला वाटलं असेल आपला वाल कमी लेखला. मी उजव्या दाढेखाली एक दाणा धरला. तो फुटेना, चेपेना. दाढेची खूण तेवढी उमटली. एरवी चावलेला दाणा मी फेकून देते. हा अख्खाच होता, म्हणून हाताच्या सवयीने ताटात परत टाकला.

धोंडूबाईने तो लगेच बोटांनी उचलला आणि घराकडच्या ओळीत, माझ्या खिडकीखाली, अंगठ्याने जमिनीत दाबला. कौसर हळूच म्हणाली, मॅडम, ते उष्टं होतं. मी तिला सिस्टरची गोष्ट सांगितली. आमच्या वर्गात सगळ्या मुलींनी एकाच पेल्यातून पाणी प्यायचं आणि उष्टं हा शब्द उच्चारला तर कोपऱ्यात उभं राहायचं.

जाताना पाहिलं, म्हातारीच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. तिने ती पदराने टिपली आणि पदराकडे बघतच राहिली. म्हातारपण, दुसरं काय.

२८ नोव्हेंबर

सगळ्या ओळी उगवल्या. वाकडे कोंब बघून मी खरोखरच त्यांना गुड मॉर्निंग म्हटलं. कौसरने ऐकलं आणि ती प्रत्येक ओळीला सलाम करत फिरली.

खिडकीखालचा तो एक कोंब बाकीच्यांच्या दुप्पट आहे. पानं काळसर हिरवी, तुकतुकीत. संबंध नोकरीत इतकं सशक्त रोप पाहिल्याचं आठवत नाही. मी त्याला आईच्या डब्यातली लाल रिबीन बांधली, शाळेत वेणीला बांधायचे ती.

गावातलं कुणी आमच्याशी बोलत नाही. दुकानात गेले की बायका बाजूला सरकतात. काल एका म्हाताऱ्याला मी आपणहून नमस्कार केला, तर त्याने विचारलं, "केसरीनाथच्या वावरात ऱ्हाते ती तूच का?" हो म्हटल्यावर काठी टेकत निघूनच गेला. शहरातल्या बाईचा राग असेल. होईल सवय.

इथली हवा मला जरा कोरडी वाटते. सारखी तहान लागते.

९ डिसेंबर

दर आठवड्याला प्रत्येक ओळीतली माती काढून आम्ही तिचं वजन करतो, भट्टीत वाळवतो आणि पुन्हा वजन करतो. जे वजन उडालं ते पाणी. पाऊस संपलाय, वर पाणी देत नाही, त्यामुळे ओलावा आठवड्यामागे उतरत जायला हवा, आणि सगळ्या ओळींत तो उतरतोय. फक्त माझ्या खिडकीखाली वाढतोय.

मी वजनकाटा तपासला. नळ फुटलाय का पाहिलं. नळच नाही, पाणी टँकरचं येतं. कौसरने पुन्हा माती आणली. तेच. तिला भीती वाटली, मला आनंद झाला. खरं सांगते, आनंदच. जमिनीतून इतकं खोलवरचं पाणी वर ओढणारा वाल जर खरोखर मिळाला, तर कोरडवाहू माणसांच्या किती पिढ्या दुवा देतील! आईचं नाव त्या वाणाला द्यायचं हे मी मनात ठरवूनही टाकलं.

दिवसभर कळशीतलं पाणी मीच संपवते. कौसर म्हणाली, "मॅडम, एवढं पाणी जातं कुठं? बाथरूमला तर जात नाही तुम्ही." तिने मला गोणीच्या काट्यावर उभं केलं आणि आकडा बघून आधी हसली. बोलली, आपली गोणी तरी जड आहे. मग हसायची थांबली.

२० डिसेंबर

अंजूरफाट्याला डॉक्टरकडे जाऊन आले. साखर नाही, थायरॉईड नाही. तरुण डॉक्टरने माझ्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. पाणी प्या म्हणाला. मी पिते, रे बाळा. मी दुसरं काही करतच नाही.

परत आले तर धोंडूबाई भोकराखाली सुनांना घेऊन बसलेली. तिचे गाल भरलेत. कपाळावर घाम होता, चक्क घाम, आणि ती तो पुसत नव्हती, मिरवत होती. माझ्याकडे बघून सुनांना म्हणाली, "बगा गो, वालाची मास्तरीण. वाल बगायचा पगार घेते. आता वालच तिला बगते." सुना हसल्या नाहीत. त्या उठून घरात गेल्या.

डोळ्यांत खडा गेल्यासारखं होतं. पापणी मिटताना ओढते.

२ जानेवारी

त्या वेलाला फुलं आली, पांढरी, जांभळ्या कडेची. बाकीच्या ओळी दव उडालं की माना टाकतात. हा दुपारीसुद्धा ओला असतो. सकाळी पानांवरचं दव मी बोटावर घेऊन चाटलं.

खारट.

नाव नाही, कारण नाही, पण मला ती चव ओळखीची वाटली. लहानपणी रडताना ओठांवर येते ती. आई गेली त्या रात्रीची.

मी कौसरला सांगितलं नाही. तिने मात्र आज आपणहून विचारलं की तो एक वेल उपटून टाकायचा का, वाण शुद्ध ठेवायला आपण भेसळीचं रोप उपटतोच ना. मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात मी कुणावर ओरडले नाही. नंतर तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तर माझ्या तळहाताची कातडी तिच्या ओढणीला अडकली.

११ जानेवारी

ठरवलं की थोडे दिवस ठाण्याला जाऊन यावं. स्वतःच्या घरी, स्वतःच्या पलंगावर. रिक्षा काल्हेरपर्यंत गेली असेल. प्रत्येक वळणाला जीभ टाळूला अधिक चिकटत गेली. पाण्याची बाटली तोंडाला लावली, पाणी आत गेलं आणि गिळण्याआधीच नाहीसं झालं. ट्रकांच्या रांगेत रिक्षा थांबली तिथे मी खाली पडले.

कुणीतरी दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. कौसर आणि तौहीद धावत आले. नर्सने सांगितलं, इतक्या बाटल्या चढवल्या तरी पेशंट कोरडीच. माझं डोकं मात्र फार स्वच्छ होतं. मला एकच गोष्ट हवी होती, ती खिडकी.

मला परत आणलं. आता बरं आहे. इथे बरं असतं.

१२ जानेवारी

सकाळी खिडकी उघडली. त्या ओळीत चिखल झाला होता. वेलाखाली तळं. सलाईनचा तो औषधी वास माझ्या मनगटाला येतोय तोच मातीला.

मी बियाण्यांची बाई आहे. मी काटा मानते, भट्टी मानते. माझ्यातून जे गेलं ते तिथे आहे. एवढं तरी मला लिहिता आलं पाहिजे.

१४ जानेवारी

भर दुपारी मी धोंडूबाईसमोर जाऊन उभी राहिले. ती पान खात होती. विचारलं, त्या दिवशी मला काय चावायला दिलंत?

तिने काहीच लपवलं नाही. लपवायची तिला गरजच वाटली नाही. या वावरातला वाल उष्ट्यावर येतो, म्हणाली. ज्याच्या तोंडाचं उष्टं बी रुजलं, त्याचं पाणी त्याला. तोंडाचं, डोळ्याचं, अंगाचं. "लगीन होऊन आयली न तिसऱ्या दिवशी सासूनं ताट पुढं केला. चाव बोलली. चावला. तवापासून कोरडी हाय मी. पोरं झाली तवा अंगावर दूध न्हाय. नवरा मेला त लोकं बोलली, बाईला काळीज न्हाय."

दर वर्षी तिचंच बी परत पेरलं गेलं. एक वर्ष पेरलं नाही, तर ती मरणाच्या दारात गेली. दुसऱ्या कुणी चावून रुजलं तरच सुटका. मी विचारलं, मग इतकी वर्षं कुणाला का दिलं नाही? ती म्हणाली, गावातलं कोण चावणार, गावाला सगळं ठाऊक आहे. सुनेला दिलं असतं तर केसरीनाथने घर सोडलं असतं. "भायेरची पायजे व्हती. तू तर आपल्या पायानं आयलीस, न आल्या आल्या दाणं चावाय लागलीस. मी म्हनलं, देव पावला."

मी म्हटलं, तुम्ही मला सांगायचं होतं. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. ते तिने बोटावर घेऊन मला दाखवलं. "तू कोन माझी? माझी पोर हायेस? तुला कनाला सांगू?"

उपाय विचारला. शेंग हिरवी आहे तोवर स्वतःच्या हाताने वेल मुळासकट उपटायचा. एकदा शेंग वाळली की मग दुसरं तोंड शोधायचं, नाहीतर तेच बी दर वर्षी इथेच पेरत कोरडं जगायचं. वावरच गेलं तर वेलासंगती वाळायचं. तिने सासूच्या धाकाने उपटला नाही. "तुला कोन धरून ठेवलाय? उपट ना." आणि माझ्या पायाशी तोंडातली पिंक टाकली. लाल, भरपूर, ओली. मी त्या पिंकेकडे बघत उभी राहिले. मला तिचा हेवा वाटला.

१५ जानेवारी

दव उडायच्या आधी गेले. लाल रिबीन बाजूला सरकवली. दोन्ही हातांनी बुंधा धरला.

ओढला, तसं उजव्या दाढेत काहीतरी हललं. आणखी ओढला. मुळं जमिनीत तुटत नव्हती, हिरडीत तुटत होती. कानापर्यंत, डोळ्यामागे, तिथून खाली घशात. एकेक तंतू. मी जमिनीवर गुडघे टेकून आईला हाका मारत होते. दाढ निघाली, तळहातावर पडली. मागोमाग जिथे दाढ होती तिथून एक पांढरा, बारीक—

सोडून दिला. वेल आपोआप परत जमिनीत बसला.

रक्त आलं नाही.

१६ जानेवारी

आज पुन्हा जायला हवं होतं. मी खिडकीत बसून त्याच्या शेंगा बघत बसले. कोवळ्या आहेत. प्रकाश पडला की आतले दाणे दिसतात. आई असती तर म्हणाली असती, किती गोड.

उद्या नक्की.

२३ जानेवारी

रोज उद्या. रोज हात लावते, रोज दुखतं, रोज सोडते. आणि एक लिहायचं टाळत होते. फक्त दुखतं म्हणून सोडत नाही. तो माझ्याकडे वळतो. खिडकीच्या गजाला वेलाचा पहिला विळखा पडला आहे. सूर्य पलीकडे आहे, तरी. उभ्या आयुष्यात माझ्यासाठी असं कुणी वळलं नव्हतं.

कौसरला मेसेज केला, घरी राहा, काम थांबलं आहे. तिने इथे येऊ नये. ती काहीही सहज तोंडात घालते. मीच शिकवलंय.

४ फेब्रुवारी

धोंडूबाई गेली. अंबाडी गावाला, लेकीकडे. लग्नानंतर पहिल्यांदाच गावाबाहेर. नवं लुगडं, गजरा. केसरीनाथ गाडीचं दार धरून उभे. तिने माझ्या खिडकीकडे बघून दोन्ही हात जोडले. थट्टेने, की खरंच, कळलं नाही. गाडीच्या काचेतून हात बाहेर काढून तांब्या बांधावर फेकला.

केसरीनाथ नंतर आले. उंबऱ्याबाहेरूनच बोलले. आई गोदामाला हो म्हणाली आहे. शेंगा काढून झाल्या की मशीन येईल. माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "मॅडम, मना काय पण विचारू नका. आईनं चावला तवा माजा जलम पण नव्हता." मी काही विचारलंच नव्हतं. आवाज निघत नाही.

१३ फेब्रुवारी

शेंगा पिवळ्या पडल्या.

आता उपटून उपयोग नाही.

पाय पलंगावरून खाली उतरत नाहीत. पेन धरताना बोटं वाजतात. रात्री झोपताना शाळेतली प्रार्थना म्हणायची सवय आहे, अवर फादर, तीही आता मनातच. जीभ हलवली की कागद घासल्यासारखा आवाज येतो.

१९ फेब्रुवारी

कौसरचे फोन. मेसेज. मॅडम, तब्येत कशी? मॅडम, संस्थेतून विचारतात, बी कधी काढायचं? मॅडम, मी येते.

येऊ नको लिहिलं.

सगळं कारणासकट लिहायला हवं. लिहिलं. म्हातारी, ताट, दाणा, सगळं. आणि मग खोडलं.

का खोडलं?

कळलं तर ती येणार नाही.

२० फेब्रुवारी

हे मी लिहिलं? कालचं वाक्य. अक्षर माझंच आहे. कॉन्व्हेंटचं गोल अक्षर.

देवा, कौसर नको. मला वाळू दे. कौसर नको.

२२ फेब्रुवारी

शेंगा वाजतात. वारा नसतानाही. खुळखुळ. मी श्वास घेतला की वाजतात.

मेसेज लिहायला घेतला— बोटं काचेला लागत नाहीत, फोन माझं बोट ओळखत नाही. वाळलं लाकूड कसं ओळखेल—

वहीत लिहून ठेवते. कौसर, वाचलंस तर, खिडकीखालच्या वेलाचा दाणा तोंडात घालू नकोस. मी हाताने खुणावलं तरी. मी हसले तरी. मी म्हटलं की चावून बघ, कोरडा आहे का, तरी नको. ती मी नसेन. किंवा— मीच असेन—

२३ फेब्रुवारी

ती आली आहे.

थर्मासमध्ये शहाळ्याचं पाणी आणलंय. मला उचलून उशीला टेकवलं. घोट घोट पाजलं. मुळीच आत उतरलं नाही. किती ओरडली माझ्यावर! "मॅडम, एवढं झालं आणि मला येऊ नको लिहिता? मी कोण, परकी आहे?" रडली. माझ्या हातावर तिचे अश्रू पडले, आणि लगेच नाहीसे झाले. खिडकीबाहेर पान हललं.

वही तिच्याकडे सरकवली. तिने मिटून उशाशी ठेवली. आराम करा, लिहू नका म्हणाली. तौहीद शिफ्ट संपवून गाडी घेऊन येतोय, तोवर शेंगा काढून टाकते. तुमचं एवढं काम वाया जायला नको—

तुमचं काम. माझ्यासाठी.

वही परत ओढली. ती अंगणात. चादर पसरली. आधी घराकडची ओळ. लाल रिबिनीची निशाणी बघून म्हणते, मॅडमचं खास बी, हे वेगळं ठेवते, आणि दोन-चार दाणे इथेच परत लावून ठेवते, जमीन अजून ओली आहे, मॅडमला बरं वाटेल—

शेंगा फुटतात. दाणे ताटात.

ओरड. ओरड ना. घसा— कागद घासल्यासारखा— तिला लूमची सवय, बारीक आवाज तिला ऐकूच—

उशी खिडकीवर फेकली. नाही पोचली. पेन वाजवते पलंगाच्या दांडीवर. तिने वर पाहिलं. हसली. मला दाखवते, बघा मॅडम, विसरले नाही— दाणा बोटांत धरलाय— कोरडा आहे का बघायला— दाढेखाली—

कट् वाजू दे. देवा, एकदा कट् वाजू दे. फुटू दे.

वाजलं नाही.

ताटात परत टाकला— नाही, उचलला— अंगठ्याने मातीत—

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि जिभेखाली ओलं. गोड. आईने भरवलेल्या डाळिंबीसारखं. तोंडभर. गालावरून गळतंय, मी टिपत नाही, मी गिळते आहे, आता आवाज निघेल, आता मला ओरडता येईल, आत्ता ओरडले तर ती तो दाणा उकरून काढेल, अजून वेळ आहे, मी फक्त एक घोट, एवढा एक घोट गिळून मग